पाण्यावर चालणाऱ्या गाडीची बातमी आली की काय तपासाल

मी एकवीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. नव्या इंधनावर चालणाऱ्या गाडीची बातमी वर्षा-दोन वर्षांतून एकदा हातात यायचीच. कधी पाणी, कधी हवा, कधी नुसतं चुंबक. फोटो मात्र ठरलेला: उघडं बॉनेट, शेजारी एक तरुण, हातात पाण्याची बाटली.

अशाच एका बातमीला मी ‘पाण्यावर धावली मोटार!’ असा मथळा दिला. बातमीच्या चौथ्या परिच्छेदात त्या मुलाचं म्हणणं स्पष्ट होतं: बरणीतल्या पाण्यातून निघणारा वायू इंजिनात सोडला की पेट्रोल कमी लागतं. गाडी पाण्यावर चालते, असं तो म्हणालाच नव्हता. ते मी म्हटलं होतं. दोन दिवसांत लोकांनी त्याला भोंदू ठरवलं, आणि ज्या दाव्यासाठी ठरवलं तो त्याचा नव्हताच. ही चूक माझी होती. म्हणून अशी बातमी कशी वाचावी, हे मी नीट सांगणार आहे.

सगळ्यात आधी मथळा झाकून ठेवा आणि बातमीत संशोधकाचं स्वतःचं वाक्य शोधा. पाणी हेच इंधन आहे, असं तो म्हणतो का? की पाण्यातून वीज वापरून हायड्रोजन काढतो? की पेट्रोलच्या जोडीला थोडा वायू देतो? हे तीन वेगवेगळे दावे आहेत आणि तिघांची परीक्षाही वेगळी आहे. चौथा गोंधळ हायड्रोजन फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवणाऱ्या गाड्यांचा. टोयोटाची मिराई २०१४ पासून विक्रीला आहे. तिच्या टाकीत हायड्रोजन भरतात आणि मागून पाणी बाहेर पडतं. पाणी बाहेर पडणं आणि पाणी आत भरणं यांतला फरक घाईच्या बातमीत सहज हरवतो.

आता हिशोब. हा भाग सोडू नका. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन, एका अर्थी राखच. राखेला पुन्हा काडी लावून चूल पेटत नाही. एक लिटर पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला साधारण साडेचार युनिट ऊर्जा लागते, आणि ते पुन्हा एकत्र जळले की जास्तीत जास्त तेवढीच ऊर्जा परत मिळते. प्रत्यक्षात दोन्ही वेळा घट येते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, तर ४० अँपिअर-अवरच्या साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीत जेमतेम अर्धं युनिट. एवढे तीन आकडे पाठ असले तरी पुष्कळ बातम्या जागच्या जागी तपासता येतात.

त्या मुलाच्या बरणीचंच बघा. ती १२ व्होल्टवर १५ अँपिअर ओढायची, म्हणजे १८० वॉट. तासाभरात ०.१८ युनिट. त्याच तासात गाडी चार लिटर पेट्रोल जाळते, म्हणजे ३६ युनिट. बरणीतून काहीही वाया गेलं नाही असं मानलं तरी तिचा वाटा अर्धा टक्का. शिवाय ती वीज अल्टरनेटर, म्हणजे गाडीतलं वीज बनवणारं यंत्र, देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. हा हिशोब मला एका वाचक शिक्षकांनी फोनवर करून दाखवला. ते रागावले नव्हते. ‘बाई, छापायच्या आधी एवढं विचारलं असतं तर त्या पोराचंही भलं झालं असतं,’ एवढंच म्हणाले.

पुढचा प्रश्न: दुसऱ्या फेरीआधी पाण्याखेरीज आणखी काय बदलावं लागतं? अॅल्युमिनियमवर योग्य प्रक्रिया केली तर ते पाण्यातून हायड्रोजन सोडवतं, कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की अॅसिटिलीन निघतो. गाडी खरोखर चालेल, पण खर्ची पडतो तो धातू किंवा कार्बाइड, आणि ते बनवायला आधीच भरपूर ऊर्जा लागलेली असते. २००८ मध्ये जपानच्या जेनेपॅक्स कंपनीने ओसाकामध्ये पाण्यावर चालणारी छोटी गाडी दाखवली. जगभर चित्रफिती फिरल्या. आत नेमकं काय खर्ची पडतं, याचं समाधानकारक उत्तर काही मिळालं नाही आणि पुढच्याच वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला.

मग साक्षीदार कोण, ते बघा. पेटंट हा पुरावा नाही. यंत्र चालतं की नाही हे गाडीला बांधून कोणी बघितलेलं नसतं. अमेरिकेतल्या स्टॅन्ली मायरकडे पेटंटं होती. ८३ लिटर पाण्यावर लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्क गाठता येईल, असं तो सांगे. दोन गुंतवणूकदार कोर्टात गेले, तज्ज्ञांनी यंत्र तपासलं, तर ते साधं विद्युत अपघटन, म्हणजे विजेने पाण्याचे घटक वेगळे करणं, निघालं. १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने पैसे परत करायला लावले. मंत्री शेजारी उभा असणं हाही पुरावा नाही. २०१२ मध्ये पाकिस्तानात आगा वकार यांच्या ‘वॉटर किट’ला मंत्र्यांनी आणि मोठ्या वाहिन्यांनी डोक्यावर घेतलं, परवेझ हूडभॉय यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सांगत राहिले. चित्रफीत तर त्याहून लबाड. अमेरिकेतल्या निकोला कंपनीचा ट्रक रस्त्यावर झोकात धावताना दिसला, तो उतारावरून सोडलेला होता, हे २०२० मध्ये बाहेर आलं.

एवढं वाचून प्रत्येक नव्या गाडीला थोतांड म्हणू लागलात, तर तेही चूकच. १८९९ मध्ये कामिल जेनात्झीने विजेच्या गाडीने ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा युरोपात लाखो गाड्या लाकूड अर्धवट जाळून निघालेल्या वायूवर धावल्या. १९७९ मध्ये ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवरची फियाट बाजारात आली. ऐकायला यांतलं काहीही पाण्याच्या गाडीइतकंच अजब वाटलं असतं. फरक एवढाच की ऊर्जा कुठून येते, या प्रश्नाला इथे प्रत्येक वेळी सरळ उत्तर आहे: बॅटरी, बी, लाकूड, ऊस.

पेट्रोल वाचवणारं किट असेल तर चाचणी स्वतः करता येते. टाकी काठोकाठ भरा, ठरलेल्या रस्त्याने जाऊन-येऊन निदान शंभर किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा आणि किती लिटर बसलं ते लिहा. टायरमधली हवा तीच, माणसं तेवढीच. किट चालू ठेवून तीन फेऱ्या, बंद ठेवून तीन. आणि सगळ्यात महत्त्वाचं: किट चालू आहे की बंद, हे चालवणाऱ्याला कळता कामा नये. पैसे घालून किट बसवलेला माणूस नकळत हलक्या पायाने चालवतो, आणि नुसत्या तेवढ्याने अॅव्हरेज वाढतं.

मी त्या मुलाकडे पुन्हा गेले. माफी मागितली आणि ही चाचणी करू या, असं म्हटलं. तो जरा वेळ गप्प होता, मग तयार झाला. गाडी त्याच्या मित्राने चालवली, खटका मी लपवून दाबत होते. सहा फेऱ्यांना दोन दिवस लागले. बरणी चालू असताना लिटरमागे सरासरी १६.२ किलोमीटर, बंद असताना १६.३. आकडे त्यानेच पेन्सिलीने वहीत मांडले, भागाकार दोनदा तपासला आणि मला विचारलं, ‘मॅडम, हे छापाल?’

छापलं. त्याच्याच नावाने, चाचणीच्या कोष्टकासकट, पहिली बातमी ज्या पानावर आली होती त्याच पानावर.