भाड्यानं दिलेल्या घरावर बँकेची नोटीस: आमचं कसं मिटलं

बेळगावच्या टिळकवाडीतलं घर भाड्यानं दिलेलं असलं की थकलेल्या कर्जाची नोटीस बहुतेक भाडेकरूच्या हातात पडते. पाकीट टाकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढं लागतो. सरफेसी, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा; त्याच्या कलम १३(२) खाली थकबाकी भरायला ६० दिवस मिळतात. हरकत लेखीच द्या, पोच घ्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. तोंडी 'बघू या'वर विसंबणं सगळ्यात महागात पडतं. ताबा घेतलाच, तर ४५ दिवसांत बेंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज. लिलावाची जाहिरात निघायच्या आत पूर्ण थकबाकी भरली तरच घर सोडवण्याचा हक्क टिकतो. आमचं मिटलं ते एकरकमी तडजोडीनं. मंजुरीपत्र हातात आल्यावरच पैसे भरले. नंतर मूळ कागद ३० दिवसांत मागून घ्या, आणि नवा ईसी (मालमत्तेवरचा बोजा दाखवणारा दाखला) काढून बोजा उतरलाय का बघाच.