घानावर अभ्यासवर्ग घ्यायचाय? कोकोच्या पोत्यापासून सुरुवात करा

सांगलीच्या मार्केट यार्डात मी मापाडी होतो. आता युनियनच्या ऑफिसात अभ्यासवर्ग घेतो. हमाल, मापाडी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलंमुली येतात. आफ्रिकेवर वर्ग घ्यायचा म्हटलं की बरेच कार्यकर्ते फळ्यावर 'नववसाहतवाद' लिहून त्याची व्याख्या सांगायला लागतात. व्याख्या शेवटी द्या. आधी एक देश, एक पीक आणि एक पोतं हातात घ्या. मी घाना घेतो. तिथला कोको आणि आपल्या यार्डातलं पोतं यांचा हिशेब एकाच पद्धतीनं मांडता येतो.

फळ्यावर तीन रकाने आखा: पोतं कुणाच्या हातात आलं, त्यानं स्वतःकडे किती ठेवलं, आणि भाव कुणी ठरवला. दोन्ही संध्याकाळी हे रकाने पुसायचे नाहीत. (एका बैठकीत हा विषय उरकू नका, कामावरून आलेली माणसं थकलेली असतात.)

पहिल्या संध्याकाळी भिंतीवर नकाशा लावा. १९५७ च्या आधी या देशाला गोल्ड कोस्ट म्हणत. मुलांनाच रेल्वेच्या रेघा ओढायला सांगा: सेकोंडी बंदर ते तारक्वाच्या सोन्याच्या खाणी, १९०१; तिथून पुढे कुमासी, १९०३; नंतर राजधानी अक्रा ते कुमासी, १९२३. रेघा ओढून झाल्या की विचारा, गाडी कुठून कुठे जाते? खाण आणि मळा ते बंदर, एवढंच. कुमासीच्या वर, उत्तरेकडे रेघ जातच नाही. उत्तरेकडची माणसं मात्र दक्षिणेत मजुरीला उतरत राहिली. ब्रिटिशांच्या लेखी उत्तर भाग म्हणजे मजुरांचा साठा होता. यावर भाषण देऊ नका. नकाशा बोलतो.

मग पिकाकडे या. टेटे क्वार्शी नावाचा माणूस १८७९ मध्ये फर्नांदो पो बेटावरून कोकोच्या बिया घेऊन आला, असं घानात पोराटोरांनाही माहीत असतं. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगात सर्वांत जास्त कोको पिकवायला लागला होता. आता एक गोष्ट ठासून सांगा, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो: हे मळे गोऱ्यांचे नव्हते. आफ्रिकन शेतकऱ्यांनी स्वतः जमिनी विकत घेऊन, जंगल तोडून ते उभे केले. गोऱ्या कंपन्या होत्या खरेदीला आणि निर्यातीला.

म्हणजे 'शेतकरी' हा शब्द फळ्यावर एकटा लिहून भागत नाही. वर्गातल्या पाच जणांना उभं करा. एक गावचा प्रमुख, जमीन देणारा. एक मळेवाला. एक अबुसा करार केलेला वाटेकरी, तयार मळा सांभाळून पिकाचा तिसरा हिस्सा घेणारा. एक अबुनू करार केलेला, जंगल साफ करून मळा उभा करणारा आणि तो धरल्यावर निम्म्या वाट्याचा हक्कदार. पाचवा उत्तरेकडून आलेला मजूर, त्याच्या हाती फक्त मजुरी. आमच्याकडे तिसऱ्या वाट्यानं, निम्म्या वाट्यानं जमीन करणाऱ्यांची मुलं वर्गात असतातच. त्यांना समजावून सांगावं लागत नाही. या पाच जणांना उभंच ठेवा, पुढच्या भागात त्यांचं काम आहे.

आता १९३७. यावर घाई करू नका, माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. युनायटेड आफ्रिका कंपनी, कॅडबरी आणि इतर मोठ्या युरोपीय खरेदीदारांनी आपसांत करार केला की भावात चढाओढ करायची नाही, खरेदी ठरलेल्या हिश्शानं वाटून घ्यायची. शेतकऱ्यांनी माल विकायचंच थांबवलं. एप्रिल १९३८ पर्यंत कोको गावागावांत पडून राहिला, शिवाय विलायती मालावर बहिष्कार. लंडनहून चौकशी आयोग आला, त्याचा अध्यक्ष नॉवेल. आयोगालासुद्धा मान्य करावं लागलं की खरेदीची ही व्यवस्था चालू ठेवण्यासारखी नाही.

लिलावात व्यापाऱ्यांनी 'रिंग' केली, म्हणजे आपसांत संगनमत केलं, की काय होतं, हे आमच्या लोकांना माहीत आहे. त्यामुळे इथे वर्ग आपोआप पेटतो. तेव्हाच उभ्या असलेल्या पाच जणांकडे वळा आणि एकेकाला विचारा: माल अडवून धरलात, आता घर कशावर चालणार? प्रमुखांना आणि मोठ्या मळेवाल्यांना काही महिने कळ काढता येत होती. शिवाय कंपन्यांच्या करारानं मधल्या दलालांची कमाई मारली जाणार होती, म्हणून दलालही लढ्यात होते. वाटेकऱ्याचा वाटा मात्र पीक विकल्यावरच हातात येतो. एकाच लढ्यात उतरलेल्यांचं पोट सारखं नसतं, हे त्या पाच चेहऱ्यांकडे बघून कळतं. लढा खरा होता. त्याच्या आतले थरही खरे होते. दोन्ही फळ्यावर लिहा.

यानंतर दुसरं महायुद्ध येतं आणि कोकोची खरेदी ब्रिटिश सरकार आपल्याकडे घेतं. १९४७ मध्ये कोको मार्केटिंग बोर्ड स्थापन होतं. हेतू ऐकायला चांगला: भाव वर गेला की थोडा पैसा राखून ठेवायचा आणि पडला की शेतकऱ्याला आधार द्यायचा. राखलेला पैसा ठेवला कुठे, हे वर्गाला विचारा. लंडनमध्ये, ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत. युद्धानं खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनला गोल्ड कोस्टचा शेतकरी पैसे पुरवत होता. त्याच सुमारास, २८ फेब्रुवारी १९४८ ला, अक्रामध्ये माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि तिघे मेले. पश्चिम आफ्रिकेच्या या सैनिकांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढाई केली होती. त्या आघाडीवर भारतीय पलटणीही होत्या, हे मुलांना जरूर सांगा.

पहिली संध्याकाळ एका गणितावर संपवा. १९५४ मध्ये स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी क्वामे एन्क्रुमा यांचं सरकार निवडून आलेलं होतं, स्वातंत्र्य तीन वर्षांवर होतं. सरकारनं शेतकऱ्याचा भाव बांधून टाकला: ६० पौंड वजनाच्या भाऱ्याला ७२ शिलिंग. ब्रिटिश टन म्हणजे २,२४० पौंड वजन, आणि २० शिलिंगांचा एक पौंड स्टर्लिंग. मुलांना पाटीवर करू द्या. टनाला १३४ पौंडांच्या आसपास उत्तर येतं. जागतिक भाव तेव्हा त्याच्या तिपटीच्या घरात होता. वरचा पैसा विकासाला, असं सरकारचं म्हणणं. शाळा, रस्ते, दवाखाने झालेही. पण कुमासीभोवतीच्या अशांटी भागातले शेतकरी भडकले, आणि कुमासीत सरकारविरोधी आघाडी उभी राहिली. तिच्यात कोकोवाले शेतकरी होते आणि जुने सरंजामी प्रमुखही. तिसऱ्या रकान्यात, म्हणजे भाव कुणी ठरवला तिथे, 'लंडन' लिहा आणि त्याखाली आता 'अक्रा' लिहा. आणि प्रश्न घरी न्यायला द्या: हा पैसा घेणं बरोबर होतं का? कुणाकडून किती?

दुसऱ्या संध्याकाळी उत्तरं ऐकून थेट सेकोंडी-ताकोराडीला जा. जानेवारी १९५० मध्ये इथल्या रेल्वे कामगारांनी एन्क्रुमांच्या हाकेवर संप केला होता. पुढाऱ्यांत पोबी बायनी नावाचा इंजिन ड्रायव्हर होता. सप्टेंबर १९६१ मध्ये त्याच रेल्वे आणि बंदर कामगारांनी पुन्हा संप केला, या वेळी एन्क्रुमांच्याच सरकारविरुद्ध. बजेटमध्ये पगारातून ५ टक्के सक्तीची बचत कापायचं ठरलं होतं आणि पक्षातले बडे लोक उघड श्रीमंत होत होते. बाजारात बसणाऱ्या बायांनी संपकऱ्यांना फुकट जेवण दिलं. सरकारनं आणीबाणी लावली, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. कामगार महासंघाचं नेतृत्व सरकारच्या बाजूला उभं राहिलं. युनियनच्या ऑफिसात बसून हे वाचताना माझा आवाज चढतो, आणि तो चढू द्यावा असं मला वाटतं.

घानातल्या व्होल्टा नदीवरच्या अकोसोम्बो धरणावर पाच-सात मिनिटं पुरेत. ८० हजारांच्या आसपास माणसं उठवली गेली. त्या विजेचा मोठा वाटा अमेरिकन मालकीच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला स्वस्त दरानं बांधून दिला. घानात बॉक्साइट असताना कारखाना कच्चा माल बाहेरून आणत होता. कोयनेचं उदाहरण कुणीतरी काढेलच, काढू द्या, पण गाडी परत कोकोवर आणा.

आता अलीकडचं पोतं. सप्टेंबर २०२३ मध्ये घानाच्या कोको बोर्डाचा भाव सरकारनं जाहीर केला: टनाला २०,९४३ सेडी (तिथलं चलन), पोत्याला १,३०८. पोतं बारदानासकट ६४ किलो, टनाला १६ पोती. मापाड्यानं लगेच विचारलं पाहिजे, ६४ सोळा वेळा म्हणजे १,०२४, मग वरचे २४ किलो कशाचे? बारदानाचे धरले आहेत. पण गावातला खरेदी कारकून काटा मारतो, ही तिथल्या शेतकऱ्यांची फार जुनी तक्रार आहे. दुसऱ्या रकान्यात त्याचं नाव आलंच पाहिजे.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कला कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. १६ नं भागा, पोत्याला ६२५ डॉलर. घानाच्या शेतकऱ्याचे १,३०८ सेडी त्या दिवसांत १०० डॉलरच्या आसपास होते. इथे वर्गात हमखास कुणी विचारतं, "काका, मग मधले सव्वापाचशे कुणी खाल्ले?" एका नावावर टाकून मोकळे होऊ नका, व्यवस्था उलगडून दाखवा. बोर्डाला हंगामात रोख पैसे लागतात. १९९० च्या दशकापासून २०२३ पर्यंत ते दरवर्षी परदेशी बँकांच्या गटाकडून डॉलरमध्ये कर्ज घेत होतं. कर्जाला तारण काय, तर पुढच्या पिकाचे आधीच केलेले विक्रीचे करार. म्हणजे पीक झाडावर असतानाच जुन्या भावानं विकलेलं. भाव चढला तेव्हा बोर्डाच्या हातातही तो आला नाही. गावात बंदूक घेऊन कुणी गोरा उभा नाही, झेंडा घानाचा आहे, भाव घानाचं सरकार जाहीर करतं. आणि तरी तो भाव कर्जाच्या कागदानं ठरलेला होता. २०१९ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टनं मिळून टनामागे ४०० डॉलर जादा लावून पाहिले. खरेदीदारांनी दर्जासाठी मिळणारी वेगळी रक्कम कमी करून तो फायदा बराचसा जिरवला. डिसेंबर २०२२ मध्ये तर देशानंच बहुतेक परदेशी कर्जाची फेड थांबवली होती, आणि पुढच्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं ३ अब्ज डॉलरचं कर्ज अटींसह आलं.

आता व्याख्या द्या. एन्क्रुमांनी १९६५ मध्ये 'नववसाहतवाद' याच विषयावर पुस्तक लिहिलं: देश कागदावर स्वतंत्र, पण त्याची अर्थव्यवस्था आणि म्हणून त्याचं राजकारण बाहेरून हाकलं जातं. त्याच हंगामात घानात ५ लाख टनांच्या वर कोको आला होता आणि भाव कोसळला होता. २४ फेब्रुवारी १९६६ ला ते परदेशात असताना लष्करानं सत्ता घेतली.

दोन आक्षेप येतील. एक: 'त्यांचेच पुढारी चोर, इंग्रजांना कशाला दोष?' दुसरा: 'सगळं परकीयांनीच केलं, आतल्यांचा काय संबंध?' दोघांनाही फळ्यासमोर उभं करा आणि रकाने मोठ्यानं वाचायला लावा. पहिल्याला १९४७ चे रोखे आणि कर्जाचं तारण सापडेल, दुसऱ्याला १९५४, १९६१ आणि काटा मारणारा कारकून. तुमचं मत त्यानंतर सांगा. माझं मत मी सांगतो: बाहेरची लूट आतल्या वरच्या थराच्या हातांशिवाय चालत नाही, आणि त्या थराविरुद्धची लढाई सेकोंडीच्या कामगारांनीच सुरू केली होती.

पुढच्या महिन्यासाठी शेजारचा आयव्हरी कोस्ट घ्या. पीक तेच, रकाने तेच. पहिले राष्ट्राध्यक्ष ऊफुए-ब्वान्यी स्वतः मळेवाले होते, आणि चलन सीएफए फ्रँक, एका युरोला ६५५.९५७ या दरानं बांधलेलं. तिसऱ्या रकान्याच्या शेजारी चौथा आखून घ्या: पैसा कुणाचा?