फर्मवेअरमधला मेमरीचा पॅच तपासताना
म्हापशात पाऊस लागला की लाईट जाते, मग मी बॅटरीवर फर्मवेअरचे, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या कोडचे, पॅच (सुचवलेले बदल) वाचत बसतो, आणि मेमरीचा पॅच आला तर आधी बघायचं की अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा कोड) कुठला आहे. यू-बूट या बूटलोडरमध्ये रिलोकेशनच्या आधी, म्हणजे तो स्वतःला रॅममधल्या कायमच्या जागी हलवण्याआधी, जो साधा मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) चालतो त्यात फ्री (मेमरी परत करणारं फंक्शन) काहीच करत नाही, पॉइंटर नुसता पुढे सरकत जातो, त्यामुळे "फ्री लावलाय ना" म्हणून गप्प बसू नका, लूपमध्ये अ‍ॅलोकेशन असेल तर पूल, म्हणजे राखून ठेवलेली मेमरी, संपणारच.

मग साईझ. संख्या गुणिले साईझ असं दिसलं की थांबायचं. ३२ बिटमध्ये ६५,५३६ गुणिले ६५,५३६ म्हणजे उत्तर मावत नाही आणि चक्क ० येतं, मॅलॉकला शून्य जातं आणि पुढचा कोड बिनधास्त लिहीत सुटतो. आकडा फ्लॅश चिपमधून येत असेल तर गुणाकाराआधी चेक हवाच हवा.

नल चेक (मेमरी मिळाली की नाही ते बघणं) सगळे बघतात हो, पण एरर पाथ (काही फेल झाल्यावर चालणारा कोड) कोण बघतो? दुसरं अ‍ॅलोकेशन फेल झालं तर पहिलं फ्री होतं का, ते ओळीवर बोट ठेवून बघा. युईएफआय (पीसीवर असतं तसलं फर्मवेअर) असेल तर एक्झिट बूट सर्व्हिसेसनंतर, म्हणजे बूटच्या सेवा बंद करणाऱ्या कॉलनंतर, मेमरी मागणारं अ‍ॅलोकेट पूल चालत नाही, मीही एकदा विसरलेलो. शेवटी हीप (मॅलॉक जिथून मेमरी देतो तो साठा) मुद्दाम लहान करून क्यूएमू या एम्युलेटरमध्ये बूट करा, मगच ओके द्या.