उकिडवं बसलं की टाचा उचलल्या जातात? मग घोट्यांकडे बघा जरा

गेल्या दिवाळीत दारात रांगोळी काढायला उकिडवी बसले आणि सरळ मागे उंबऱ्यावर आपटले. गुडघे ठीक, कंबर ठीक, टाचाच जमिनीला टेकेनात! वय ५८. लहानपणी भांडी घासायला, बंबात लाकडं सारायला, संडासला, दिवसातून दहा वेळा उकिडवं बसायचो, आता ओटा आला, कमोड आला, घोटा पूर्ण वाकायची वेळच येत नाही आणि वयानुसार पोटऱ्याही आखडतात. जिना उतरताना किंवा ठेच लागून तोल सावरताना नेमका हाच घोटा लागतो.

आधी टेस्ट करा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, एक पाऊल पुढे, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्या, परत टेकवा, असं करत करत टाच उचलली जाईल त्याच्या आधी थांबा आणि अंगठा ते भिंत अंतर मोजा. साधारण १० सेंमी म्हणजे छान, अर्धी वीतच समजा. माझं उजवीकडे जेमतेम चार सेंमी आलं. पाऊल बाहेर वळवलं की गुडघा पटकन टेकतो, पण ती चीटिंग आहे, पाऊल सरळच ठेवायचं.

सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी घोटे वर-खाली २० वेळा हलवा, मग अंगठ्याने हवेत क, ख, ग, घ गिरवा. मी ज्ञ पर्यंत जाते, तोवर चहाचं आधण येतं.

खरं काम पोटरीचं. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, मागचा गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि अंग पुढे झुकवायचं. ३० सेकंद, तीन वेळा, दोन्ही पाय. मग हेच मागचा गुडघा किंचित वाकवून करायचं, आणि ही दुसरी पायरी बहुतेक जण खातात. पोटरीत मुख्य दोन स्नायू, एक गुडघ्याच्या वरून निघतो, दुसरा खालून, आणि दोघांची शीर एकच होऊन टाचेला जोडते. ताठ गुडघ्याने वरचा जास्त ताणला जातो, वाकवल्यावर खालचा. ओढ पोटरीत जाणवली पाहिजे, हिसके अजिबात नकोत. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं झालं तर जोर लावू नका, फिजिओला दाखवा.

टीव्ही बघताना तळपायाखाली टेनिस बॉल फिरवा, एकेक मिनिट. (मी जुनं लाटणं घेतलं, ते पोळ्यांच्या लाटण्यात मिसळू नये म्हणून त्याला लाल दोरा बांधलाय.) मग पायाच्या बोटांच्या मधे हाताची बोटं घालून पाऊल गोल फिरवा. पहिल्या दिवशी करंगळीच्या फटीत बोट शिरतच नाही, शिरेल हळूहळू. फरशीवर पंचा टाकून तो पायाच्या बोटांनी गोळा करणं पण मस्त.

दोनेक आठवडे झाले की खिडकीचे गज धरून उकिडवं बसून बघा, टाचांखाली पंच्याची घडी ठेवा आणि ती आठवड्याला पातळ करत न्या. गुडघे दुखत असतील तर हे सोडूनच द्या, भिंतीवरचं पुरे.

डायबेटिस असून तळपायाला बधिरपणा असेल तर बॉल-लाटणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, जखम झालेली कळत नाही. एकाच पोटरीला सूज, लाली आणि ती गरम लागली तर व्यायाम बंद, मसाजही नको, त्याच दिवशी डॉक्टर, कारण रक्ताची गुठळी असू शकते.

रोज मोजत बसू नका, महिन्यातून एकदा पुरतं. मी फरशीवर खडूने रेघ मारून ठेवते, तीन महिन्यांत उजवा सात सेंमीवर आलाय, डावा साडेनऊ, आणि कामवाल्या मावशी दर वेळी रेघ पुसून टाकतात.