कसारा घाटात गाडी ओढत नाही? आधी फ्युएल प्रेशर बघा

नाशिककडे येताना कसारा घाटात पेट्रोल गाडी दम सोडते, सपाट रोडला मात्र बरी चालते आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो, असं होत असेल तर लगेच नवीन फ्युएल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा) घेऊ नका. चावी ऑन करा (स्टार्ट नाही) आणि मागच्या सीटखाली कान द्या, दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक घूं आवाज यायला पाहिजे. नाही आला तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघा. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावर गाडी पटकन स्टार्ट होते का? मग रात्रभरात प्रेशर उतरतंय, म्हणजे पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा एखादा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा) गळतोय.

आवाज येतो तरी जोर नाही, तर गॅरेजवाल्याला फ्युएल प्रेशर मोजायचा गेज लावायला सांगाच. साध्या एमपीएफआयला (इंजेक्टरवाल्या पेट्रोल इंजिनला) साधारण ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. आयडलला ठीक आणि रेस केल्यावर पडतं, तर फिल्टर चोक किंवा पंप थकलेला. पण पंपाच्या कनेक्टरवर गाडी चालू असताना व्होल्टेज मोजल्याशिवाय पंप बदलू देऊ नका, बॅटरीपेक्षा दोन व्होल्ट कमी आलं तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा, आणि तो अगदी थोडक्यात सुटतो.

पेट्रोलची लाईन खोलायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, नाहीतर पेट्रोल थेट डोळ्यात उडतं. आणि टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नका, पंप पेट्रोलमुळेच गार राहतो.