स्विमिंग पूलवाला बंगला घेताय? या चुका टाळा

कर्जत, लोणावळा, अलिबागकडचे बंगले बघायला बहुतेक जण दिवाळीनंतर निघतात. हवा छान असते, पूल काठोकाठ भरलेला असतो आणि मुलांनी गाडीतून उतरायच्या आधीच पसंती कळवलेली असते. आम्हीही कर्जतजवळचा एक बंगला असाच जानेवारीत पाहिला. टोकन देणारच होतो. निघता निघता केअरटेकर काकांना सहज विचारलं, "मे महिन्यात पूल कशानं भरता?" ते म्हणाले, "मेमध्ये कुठला भरतोय ताई? बोअर मार्चअखेर आटते. पाहुणे येणार असले की टँकर सांगतो." टोकनचा चेक पर्समध्येच राहिला.

सगळ्यात मोठी चूक हीच. लोक पूल बघतात, पाणी कुठून येतं ते बघत नाहीत. ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल पूल म्हणजे २,०२५ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे सुमारे ५७ हजार लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ सहा टँकर. एकदा भरला की सुटलो असंही नाही. एप्रिल-मेच्या उन्हात रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून गेलं, तर एवढ्या पुलातून दिवसाला दोनशे-अडीचशे लिटर जातात. फिल्टर बॅकवॉश करताना, म्हणजे उलटं पाणी सोडून धुताना, वाहून जातं ते वेगळं. मार्च २०२४ मध्ये बंगळूरमध्ये पाणीटंचाई एवढी वाढली, की तिथल्या पाणीपुरवठा मंडळानं स्विमिंग पुलांसाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली. आपल्याकडेही गावाला टँकर लागत असेल आणि आपल्या दारात पूल भरला जात असेल, तर ते गावाला दिसतं. दिसायलाही हवं.

म्हणून बंगला मेमध्ये पुन्हा बघा. बोअरची मोटर तासभर चालवून पाणी टिकतं का ते तपासा आणि बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत द्या. समुद्राजवळ बोअर खारट निघू शकते. पाण्यात लोह जास्त असेल, तर क्लोरीन टाकल्याबरोबर पूल चहाच्या रंगाचा होतो.

"उन्हानं कमी होतं" यावर विश्वास ठेवणं

पातळी खाली का गेली, असं विचारलं की हे उत्तर ठरलेलं. खरं-खोटं करायला एक बादली पुरते. पुलाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा. बादलीतली आणि पुलातली पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करा. २४ तासांनी बघा. ऊन दोघांना सारखंच लागतं, त्यामुळे पुलातलं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं असेल तर गळती आहे. हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असतानाच जास्त उतरत असेल तर दोष बहुधा पाइपात आहे. दोन्ही वेळा सारखंच उतरत असेल तर टाक्यात, टाइल्सच्या मागे किंवा दिव्याच्या खाचेत. पाइप खोदून दुरुस्त होतो. टाक्याचं वॉटरप्रूफिंग पुन्हा करणं मात्र मोठं काम असतं, आणि मालकानं ते टाळत आणलेलं असेल तर तो खर्च तुमच्या माथी येतो.

पावसाळ्यात पूल रिकामा करणं

"चार महिने वापरणार नाही, मग कशाला भरून ठेवायचा?" हा विचार सरळ वाटतो, पण आपल्या पावसात तो घातक आहे. जुलैत जमीन पाण्यानं तुडुंब असते. भरलेल्या पुलाचं वजन खालून येणारा दाब सांभाळून घेतं. तो रिकामा केला की तेच भूजल टाक्याला वर उचलायला लागतं. तळ फुगतो, टाइल्स सुटतात, भिंतीला तडे जातात. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे का, हे नक्की विचारा. टाइल्सवर नाण्यानं टकटक करत चाला, पोकळ आवाज आला तर थांबा. एका रेषेतल्या काही टाइल्स नव्या दिसल्या तर त्या का बदलल्या ते विचारा. जमलं तर एखाद्या पावसाळी रविवारी जाऊन डोंगराचं पाणी उतरून पुलात येतं का तेही पाहा.

पंपघरात दहा मिनिटं घालवा. दीड एचपीचा पंप रोज आठ तास चालला तर महिन्याला सुमारे २७० युनिट होतात, तुम्ही तिथे दोनच रविवार गेलात तरी. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे हवेत, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) चाचणीचं बटण दाबून पडतो का ते स्वतः बघा.

पाणी हिरवं झालं की लोक क्लोरीन ओतत सुटतात. आधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते, मोजा. तो ७.२ ते ७.६ असावा, त्याच्या वर गेला असेल तर क्लोरीनचा जोर कमी पडतो. पीएच खाली आणा, मग क्लोरीन टाका, भिंती घासा आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत फिल्टर चालू ठेवा. आणि कृपा करून ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, एका कपाटातसुद्धा ठेवू नका. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो.

कागदपत्रांत मंजूर नकाशावर पूल दाखवलाय का आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते वकिलाकडून बघून घ्या. जमीन शेतीची निघाली तर कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं कलम ६३ आडवं येतं, शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. अलिबागकडे किनारा नियमन क्षेत्राची (किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) रेषाही तपासा.

कुंपण "नंतर बघू" म्हणणं

बाकी सगळं दुरुस्त होतं, हे होत नाही. लहान मूल बुडतं तेव्हा सहसा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. फोन घ्यायला आत गेलेल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. चारही बाजूंनी किमान चार फूट उंचीचं, चढता न येणारं कुंपण हवं, आणि आपोआप बंद होऊन कडी लागणारं फाटक. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नका, कारण मूल घरातूनच बाहेर येतं. पुलाच्या तळाशी पाणी ओढून घेणाऱ्या नाल्यांवरच्या जाळ्या घट्ट आहेत का ते पाहा आणि नाला एकच असेल तर दुसरा बसवून घ्या. एकाच नाल्याच्या ओढीत केस किंवा हात अडकू शकतो.

आम्ही शेवटी पेणच्या अलीकडे २० बाय १० चा छोटा पूल असलेलं घर घेतलं. बोअर मेअखेर चालते, हे मेअखेर जाऊन पाहिलं. खरेदीखत झाल्यावरही सामान हलवलं नाही. कुंपणवाला फाटकाची कडी लावून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन गेलो.