ट्रॅफिक चलनाच्या केसचा निकाल हवा, पण तो कुठल्या कोर्टात?

गोव्यात म्हापशाला वकिलाकडे कारकुनी करतो, त्यामुळे ओळखीपाळखीचे हे विचारतच असतात. आधी ई-चलनच्या परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. दंड तिथेच भरला असेल तर बहुतेक वेळा कोर्टात फाईलच नसते. पावती हाच पुरावा.

प्रकरण कोर्टात गेलं असेल तर ई-कोर्ट्सच्या साईटवर गोवा, मग उत्तर की दक्षिण ते निवडा. सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर) असला तर जिल्हाबिल्हा काही शोधायला नको. नसेल तर नाव आणि वर्ष. इथेच लोक अडकतात. आपल्याकडे आडनावांची स्पेलिंगं अजून पोर्तुगीज वळणाची. नाईक शेवटी ‘के’ने लिहितात, कुणी ‘क्यूयूई’ने. आरसीवर, लायसन्सवर जशी आहेत तशी सगळी टाकून बघा. फक्त पहिली चार-पाच अक्षरं टाकली तरी चालतं.

साईटवरची प्रत माहितीपुरती. इन्शुरन्सवाल्याला किंवा दुसऱ्या कोर्टात द्यायची तर प्रमाणित प्रतच लागते. त्याच कोर्टाच्या कार्यालयात अर्ज करा: केस नंबर, निकालाची तारीख, नेमका कुठला कागद हवा, आणि तुम्ही पक्षकार आहात का. नसाल तर कारण लिहा. कोर्ट फी किती ते काउंटरवरच विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वेळ घालवू नका. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, कोर्टाच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच घ्यायच्या.

म्हापशाला यायचं तर शुक्रवार सोडून या. बाजाराच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि नो-पार्किंगचं नवं चलन फाडून घ्याल.